थेडी ब्रीन कूमडफचा

मॅलकी लेहानला फक्त एक पाटी लावायची होती. पुढे त्यात सार्जंट, उपमंत्री आणि चर्चचा बाक कसे येऊन पडले, असं कुणी विचारलं तर तो आजही दुखावलेल्या चेहऱ्याने एवढंच म्हणतो, "मी आपला पाटी लावत होतो."

पाटी अगदी साधी होती. गावात शिरताना पुलाच्या अलीकडे एक खांब, खांबाला फळी आणि फळीवर अक्षरं: 'कूमडफ. दक्षिण ध्रुवाकडे गेलेला दर्यावर्दी थेडी ब्रीन याचं जन्मगाव.' थेडी ब्रीनचं नाव अख्ख्या आयर्लंडमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. जहाज बर्फात चिरडलं गेल्यावर त्याने मोडक्या फळ्यांची झोपडी बांधून सगळ्या खलाशांना हिवाळाभर जगवलं, आणि मग पाय निकामी झालेल्या एका सोबत्याला स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या त्या बिनचाकी गाडीवर घालून समुद्रापर्यंत ओढत आणलं. त्यानंतर तो घरी परतला, कूमडफला बटाटे लावले आणि त्या विषयावर मरेपर्यंत गावात कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. असा माणूस ज्या गावाने जगाला दिला, त्या गावाच्या वेशीवर 'सावकाश, मेंढ्या' याखेरीज काहीही लिहिलेलं नव्हतं. बँकेत उभा जन्म दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या ठोकण्यात घालवलेल्या मॅलकीला निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ही गोष्ट टोचायला लागली.

"नुसती अक्षरं काय कामाची?" पबवाला नीलस सुग्रू म्हणाला. "अक्षरं कोण वाचतंय गाडीतून? एखादा पेंग्विन काढ."

"मला पेंग्विन येत नाही."

"त्यात काय यायचंय? बाटली काढायची आणि चोच लावायची."

नीलसला जगातली कुठलीही आकृती बाटलीपासूनच सुरू करायची सवय. पण मॅलकीने ऐकलं. तीन रविवार खपून पेंग्विन काढला. त्याची बायको अट्रॅक्टा हात पुसत येऊन तो पाहू लागली. मग म्हणाली, "मॅलकी, हे फादर गोर्मन आहेत."

"पेंग्विन आहे."

"पोट बघ. आणि ती मान, प्रवचनाच्या आधी ते अशीच करतात."

एकदा असं कुणी म्हटलं की संपलंच. मग गावात ज्याने त्याने पाटीसमोर थांबून फादरनाच ओळखलं. खुद्द फादर गोर्मन संध्याकाळचे फिरायला निघाले तेव्हा मॅलकी खांबाआड उभा राहून त्यांचा चेहरा वाचत होता. फादरनी चष्मा पुसला, पाटी निरखली आणि म्हणाले, "छान. पक्षी बराच सज्जन वाटतो." झालं. पाटीला एका अर्थी चर्चचा आशीर्वादच मिळाला.

पुढच्या आठवड्यात कौन्सिलचा ट्रक आला. त्यातून दोन भली माणसं उतरली. पाऊस लागला होता म्हणून मॅलकीने त्यांना पुलाशेजारच्या आपल्या घरात बोलावलं, चहा दिला, अट्रॅक्टाने नुकताच भाजलेला मनुका-ब्रेड कापला. त्यांनी थेडी ब्रीनची सगळी कथा मन लावून ऐकली, दुसरा कप घेतला, हात पुसले, आभार मानले आणि बाहेर जाऊन पाटी खांबासकट उपटून ट्रकमध्ये घातली.

"अहो! अहो, हे काय करताय?" मॅलकी घरातल्या सपाता घालूनच धावला.

"बेकायदा आहे ना ती, साहेब," त्यांतला एक अवघडून म्हणाला. "त्यासाठीच आलो होतो."

"मग चहा कशाला घेतलात?"

"तुम्ही दिलात म्हणून," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं, आणि मॅलकीला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. पाटी गेल्याचं दुःख होतंच; पण आपल्याच घरचा मनुका-ब्रेड खाऊन माणसं आपल्याच गावाचं नाव उपटून नेतात, हा अपमान कुठल्या खात्याकडे मांडायचा?

त्याने तो वारसा खात्याकडे मांडला. कौन्सिलच्या कचेरीत वारसा अधिकारी म्हणून ऑर्ला ट्वोमी नावाची एक तरुण बाई बसते. ती इतकी गोड बोलते की तिने नकार दिलाय हे माणसाला घरी पोचल्यावर कळतं.

"बसा ना, मिस्टर लेहान. पाटी गोदामात आहे, अगदी सुखरूप. पेंग्विन सगळ्यांना खूप आवडला."

"ती परत लावा."

"तीच तर अडचण आहे. थेडी ब्रीनचा वारसा रॅथमोरनला आहे."

रॅथमोरन म्हणजे डोंगरापलीकडचं शहर. शहर म्हणजे काय, दोन बँका, एक सुपरमार्केट आणि कूमडफकडे बघून नाक मुरडायची पिढीजात सवय.

"थेडी जन्मला कूमडफला!" मॅलकी ओरडला.

"जन्मला असेल ना," ऑर्ला म्हणाली. "त्याला कौन्सिलची काहीच हरकत नाही."

"हरकत नाही? तुमची हरकत असती तर काय केलं असतंत, परत पोटात घातला असतात?"

"मिस्टर लेहान, जन्म तुमच्याकडे आणि वारसा त्यांच्याकडे, असं बघा. तिथे बसगाड्यांना पार्किंग आहे. प्रवाशांसाठी स्वच्छतागृह आहे. कूमडफला बस उभी कुठे करणार?"

 बँकेत इतकी वर्षं काढल्यामुळे मूर्खपणा शांतपणे ऐकून घ्यायचा मॅलकीला सराव होता. पण तो सराव पगारी होता. "म्हणजे थेडीच्या बिचाऱ्या आईला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिने आधी पार्किंग बघायला हवं होतं?"

"आणि ध्रुवावर जाताना थेडीने बूट रॅथमोरनमध्ये घेतले होते," ऑर्लाने हळूच पुस्ती जोडली. मग तिने सगळंच सांगून टाकलं. रॅथमोरनच्या चौकात थेडीचा ब्रॉन्झचा पुतळा बसतोय. येत्या शनिवारी उपमंत्री येऊन त्याच्यावरचं कापड ओढणार आहेत. 'रॅथमोरनचा सुपुत्र' असं खाली कोरूनही झालंय. जाताना तिने मॅलकीच्या हातात ज्येष्ठ नागरिकांसाठी व्यायामाचं एक पत्रक ठेवलं. ते तिने अगदी निर्मळ मनाने ठेवलं, आणि म्हणूनच मॅलकी ते कधी विसरला नाही.

त्या संध्याकाळी नीलसच्या पबमध्ये सगळं कूमडफ जमलं. सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं कोर्टात जाऊ, कुणी म्हणालं पोपना कळवू, एकाने तर सुचवलं की आपण दुसरा कुणीतरी प्रसिद्ध माणूस शोधू, एवढं काय त्यात. कोपऱ्यात शेगडीजवळ नोनी थेडी बसली होती. थेडी ब्रीनची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे बाईच्या नावापुढे बापाचं नाव चिकटतं ते लग्नानंतरही सुटत नाही, म्हणून नव्वदीतही ती नोनी थेडीच. बापाच्याच घरात एकटी राहायची, कोंबड्या पाळायची आणि बापाबद्दल कुणी विचारलं तर कोंबड्यांबद्दल सांगायची.

"नोनी, तुम्ही काहीतरी बोला," मॅलकी म्हणाला. "रॅथमोरनवाले म्हणतात, तुमच्या वडिलांनी बूट तिथे घेतले."

"घेतले होते," नोनी म्हणाली. "चावायचे त्याला ते. जन्मभर शिव्या घातल्या त्याने त्या दुकानाला."

पबमध्ये हशा पिकला. मॅलकीला त्या हशाने चेव आला, आणि माणसाने जे वाक्य अर्ध्यात गिळायला हवं ते तो पूर्ण बोलून बसला. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "गरज पडली ना, तर शनिवारी मी थेडीसारखी स्लेज ओढत डोंगर ओलांडून त्यांच्या चौकात नेईन! आणि सांगेन त्या उपमंत्र्याला, वारसा असा येतो, ओढत!"

टाळ्या पडल्या. मॅलकी खाली बसला, बिअरचा घोट घेतला आणि विसरून गेला. नीलस विसरला नाही. सकाळी पबबाहेरच्या फळ्यावर, जिथे एरवी सूप कुठलं ते लिहितात, तिथे खडूने मोठ्ठं लिहिलेलं होतं: 'शनिवारी मॅलकी ओढणार.'

"पूस ते!" मॅलकी म्हणाला.

"मी पुसतो रे," नीलस म्हणाला, "पण लोकांच्या डोक्यातून कसं पुसू? दुधवाल्याने वाचलंय. म्हणजे आतापर्यंत परगण्याच्या त्या टोकाला पोचलंय."

अट्रॅक्टा घरी वाट बघत होती. "तुझी कंबर वर्तमानपत्र उचलताना धरते," ती म्हणाली.

"बोलण्याच्या ओघात गेलं तोंडातून."

"मग त्याच ओघात आता ओढ," ती म्हणाली. पण जरा वेळाने तीच माळ्यावर गेली आणि आपल्या आईच्या जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्या घेऊन खाली आली. "याच्या खाली घसरायच्या पट्ट्या होतील," एवढंच म्हणाली. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात मॅलकीने तिच्यावर इतकं प्रेम एकाच वेळी क्वचितच केलं असेल.

स्लेज त्याने स्वतः बांधली. लाकूड फादर गोर्मननी दिलं: चर्चमधला एक बाद झालेला बाक. बाकाला पाठ होती, हाताला टेकायला फळी होती आणि पुढे गुडघे टेकायची पट्टीही होती. मॅलकीने खाली पलंगाच्या पट्ट्या ठोकल्या. ठोकताना अंगठाही ठोकला. तयार झालेली वस्तू बघून लोक टोपी काढत. आपण का काढली, हे मात्र कुणाला सांगता येत नसे.

आता परवानगीचा प्रश्न आला. सार्जंट मॅन्गन सायकलवरून आले, त्यांनी स्लेजभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे वाहन आहे का?"

"नाही," मॅलकी म्हणाला. "चाकं कुठे आहेत?"

"मग रस्त्यावर कसं आणणार? चाक नाही म्हणजे मोटार नाही, गाडा नाही. जनावर ओढत नाही म्हणून बग्गीही नाही. मिरवणूक म्हणावी तर महिनाभर आधी अर्ज लागतो. मोर्चा म्हणालात तर मलाच तुम्हाला अडवावं लागेल." सार्जंटनी बराच विचार केला. ते मूळचे कूमडफचेच, थेडी त्यांच्या आजोबांचा शेजारी. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "पुढे फादर चालणार आहेत का?"

"चालतील की."

"मग झालं! अंत्ययात्रेला परवानगी लागत नाही. उलट सगळ्यांनी वाट द्यायची असते."

"पण मेलंय कोण?"

"ते रॅथमोरनला पोचल्यावर बघू," सार्जंट म्हणाले आणि मॅलकीच्या कंबरेकडे एक नजर टाकून सायकलवर बसले.

शनिवारी सकाळी गाव पुलाजवळ जमलं. पाऊस भुरभुरत होता, म्हणजे हवा चांगली होती. नोनी थेडीला रॅथमोरनच्या समितीने मोटार पाठवली होती. पहिल्या रांगेत खुर्ची, मांडीवर घ्यायला शाल, सगळी बडदास्त. मोटार तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. नोनी बाहेर आली, काळा कोट, डोक्याला रुमाल. तिने ड्रायव्हरला सांगितलं, "तू हो पुढे. माझी गाडी आलीय." आणि सरळ चालत येऊन स्लेजवर, बाकाच्या मधोमध बसली.

"नोनी, धक्के बसतील," मॅलकी म्हणाला.

"चर्चच्या बाकावर नव्वद वर्षं बसतेय," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच तो कुठेतरी चाललाय."

मॅलकी, नीलस आणि अट्रॅक्टा दोरांना लागले, फादर गोर्मन पुढे, गाव मागे. लोखंडी पट्ट्या डांबरावर अशा किंचाळल्या की दोन शेतं पलीकडच्या मेंढ्यांनी कुंपण तोडलं. समोरून येणाऱ्या गाड्या लांबूनच थांबत होत्या. फादर दिसले, मागे काळे कोट दिसले की माणसं उतरून उभी राहत, टोप्या काढत, छातीवर क्रूस करत. मग यात्रा जवळ येई आणि मधोमध ताठ बसलेली दिवंगत व्यक्ती त्यांच्याकडे बघून हात हलवी. ब्रेडच्या गाडीचा ड्रायव्हर तर तसाच उलटा गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली. एका वळणावर एक अनोळखी म्हातारा रडत यात्रेत सामील झाला. मेलं कोण, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही. माणूस भला असावा.

चढ लागला तेव्हा मॅलकीला कळलं की थेडी ब्रीनची गोष्ट आपण आजवर फार सोपी करून सांगत होतो. श्वास संपला. नीलसचा चेहरा बीटासारखा झाला. अर्ध्या चढावर मॅलकीच्या कंबरेत काहीतरी कडकन वाजलं आणि तो काटकोनात वाकलेला तसाच उभा राहिला.

"संपलं," नीलस म्हणाला.

"काही संपलेलं नाही!" मॅलकी जमिनीकडे बघत ओरडला; दुसरीकडे बघताच येत नव्हतं. "मी असाच ओढणार!"

"मॅलकी, इकडे येऊन बस," नोनी म्हणाली.

"मी बसलो तर काय राहिलं? मी ओढणार म्हणून फळ्यावर लिहिलंय!"

नोनीने बाकावर बाजूला सरून जागा केली. मग जे तिने कुणालाही कधी सांगितलं नव्हतं ते अगदी बाजारहाट सांगावी तसं सांगितलं. "माझा बाप ज्याला ओढत आणायचा ना, तोही असाच. मला उतरव, मी चालतो, मला लाज वाटते, दिवसभर तेच. बाप म्हणायचा, ओझ्याचं काही वाटलं नाही, पण त्याच्या बडबडीने जीव गेला. म्हणून आता तू बोलू नकोस आणि बस."

 इतक्या वर्षांत थेडी ब्रीनच्या तोंडचं ध्रुवाबद्दलचं हे पहिलंच वाक्य गाव ऐकत होतं. मॅलकी मुकाट्याने येऊन बसला. अट्रॅक्टाने त्याचा दोर आपल्या खांद्यावर घेतला. मागची माणसं पुढे आली, रडणारा म्हातारासुद्धा दोराला लागला. बायकोने ओढलेल्या गाडीत, म्हातारीच्या शेजारी, मोहिमेचा म्होरक्या खिंडीत पोचला. मान खाली होती ती केवळ कंबरेमुळे, असं तो स्वतःला सांगत होता.

खिंडीतून रॅथमोरन दिसत होतं. चौकात माणसं, बॅंड, रांगेत उभ्या बसगाड्या आणि मधे पांढऱ्या कापडाखाली पुतळा. उपमंत्री येणार म्हणून त्या बाजूचा रस्ता नुकताच केलेला होता, नवाकोरा, गुळगुळीत, आणि त्यावर सकाळभराचा पाऊस. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. स्लेजच्या मात्र लगेच आलं.

पहिल्यांदा दोर सैल झाले. मग दोर मागे राहिले. "धरा! मागून धरा!" अट्रॅक्टा ओरडली. नीलसने बाकाची पाठ धरली आणि काही अंतर तो बुटांच्या टाचांवर घसरत गेला. मग टाचाच राहिल्या नाहीत. फादर गोर्मननी वयाला न शोभणारी उडी मारून कुंपण गाठलं. स्लेज आपली आपण निघाली.

"नोनी, घट्ट धरा!" मॅलकी किंचाळला.

"काय धरू?"

"मला!"

"तुलाच कुणीतरी धरायला हवंय," नोनी म्हणाली. तिचा रुमाल उडाला होता, पांढरे केस उभे राहिले होते, आणि मॅलकीने शपथेवर सांगितलंय की ती हसत होती.

चौकात उपमंत्री म्हणत होते, "...या नगरीच्या मातीत जन्मलेला, या नगरीच्या वाऱ्यात वाढलेला..." एवढ्यात वरून लोखंडाची किंकाळी आली. बॅंडवाले पांगले, खुर्च्या बाजूला झाल्या, आणि चर्चचा बाक मधल्या गालिच्यावरून सरळ आत आला. पुतळ्याच्या कापडाची दोरी उपमंत्र्यांच्या हातापर्यंत ताणून ठेवली होती. बाकाची हाताची फळी नेमकी तिच्यात अडकली. दोरी तुटली नाही. कापड मात्र सर्रकन खाली आलं. बाक अर्धी गिरकी घेऊन थांबला, आणि उद्घाटन झालं.

 ब्रॉन्झचा थेडी ब्रीन क्षितिजाकडे बघत उभा होता. त्याच्या पायाशी, मान वर करून, एक भलंमोठं अस्वल बसलेलं होतं.

नोनी थेडी मॅलकीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि तिने पुतळा खालपासून वरपर्यंत पाहिला. "हा कोण?" तिने विचारलं. "आणि हे कुत्रं कुणाचं?"

"ध्रुवीय अस्वल आहे ते, बाई," उपमंत्री घसा साफ करून म्हणाले. "आपल्या वडिलांच्या पराक्रमाचं प्रतीक म्हणून..."

"माझा बाप दक्षिणेला गेला होता," नोनी म्हणाली. "तिथे अस्वलं नसतात. अस्वलं दुसऱ्या टोकाला. हा माणूस तिकडे गेलेला कुणी दुसरा असेल. तुमच्या गावचा असेल तर खुशाल ठेवा, चांगला दिसतो."

मागून कुणीतरी फसकन हसलं. ऑर्ला ट्वोमीचा चेहरा कापडाइतका पांढरा झाला होता. "शिल्पकाराने... समितीने पाहिलं होतं..." ती पुटपुटली.

मॅलकी बाकावरून खाली उतरला. ताठ होता येत नव्हतं, म्हणून त्याने उपमंत्र्यांच्या पोटाकडे बघतच भाषण केलं. "साहेब, मी कूमडफचा. आम्हाला पुतळा नको, बसगाड्या नकोत. थेडी ब्रीन डोंगराच्या त्या बाजूला जन्मला, तिथेच राहिला, तिथेच मेला. त्याची लेक आम्ही ओढत आणलीय ती तुमच्या खुर्चीसाठी नाही. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं, एवढंच. चला रे, परत जायचंय!"

म्हणजे बोलायला तो बोलला. पण परत म्हणजे चढ, आणि ओढणारे अजून धापा टाकत रस्त्याच्या कडेने उतरत होते. नोनीने ते बघितलं आणि तिने उपमंत्र्यांचा हात धरला. "तू चांगला धट्टाकट्टा दिसतोस," ती म्हणाली. "मला घरी सोडशील?"

समोर छायाचित्रकार उभे असताना नव्वदीच्या बाईला नाही म्हणणारा उपमंत्री आयर्लंडमध्ये अजून निपजायचाय. त्यांनी कोट काढला, दोर खांद्यावर घेतला. मॅलकीलाही नोनीशेजारी बसवलं; घरी पोचेपर्यंत त्याची कंबर जरा सुटली. उपमंत्र्यांना ओढताना बघून त्यांचा सचिवही दोराला लागला. बसमधून आलेले पाहुणे आधीच गोंधळलेले होते. त्यांना वाटलं कार्यक्रम असाच असतो, आणि तेही निघाले. बॅंडला थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून बॅंड वाजवत मागे आला. रॅथमोरनच्या चौकात कापड आवरणारी ऑर्ला आणि अस्वल एवढेच उरले, आणि थोड्या वेळाने ऑर्लाही छत्री घेऊन डोंगर चढायला लागली.

नीलसने खिंडीतूनच बायकोला फोन केला. "सगळी भांडी चढव," तो म्हणाला. "किती माणसं ते विचारू नकोस. मोजणारा मीच घसरत गेलोय."

त्या दुपारी कूमडफला जो काही गोंधळ उडाला तो सांगायचा तर वेगळी बैठक हवी. बसगाड्या मागाहून आल्या आणि मेंढ्यांच्या रस्त्यात अडकून पडल्या. हॅम सॅंडविच संपले, मग नुसता ब्रेड संपला. त्या रडणाऱ्या म्हाताऱ्याने पबमध्ये नोनीच्या आत्म्यासाठी ग्लास उंचावला आणि खिडकीतून ती चालत जाताना दिसली तेव्हा गप्पकन खाली बसला. पण खरी गोष्ट झाली ती नोनीच्या दारात.

उपमंत्री घामाघूम, चिखलाने माखलेले, पण चेहऱ्यावर एक वेगळंच तेज. मागे पाहुणे, छायाचित्रकार, धापा टाकणारी ऑर्ला. ते फाटकापाशी आले आणि खरोखरच्या नम्रतेने म्हणाले, "बाई, ज्या खोलीत तुमचे वडील जन्मले ती बघायला मिळेल का?"

सगळं गाव फाटकाजवळ सरकलं. मॅलकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. इतकी खटपट, इतकी फरपट कशासाठी होती? कुणीतरी इथे यावं आणि हेच विचारावं, यासाठीच ना?

नोनीने दारातल्या कोंबड्यांना हाकललं. "खोली आहे तिथेच आहे," ती म्हणाली. "कुठे जात नाही. पण आज पसारा आहे आणि मी दमलेय. उद्या या." आणि तिने दार लावून घेतलं.

छायाचित्रकारांनी फाटकाला हात घातला. ऑर्ला घाईघाईने पुढे झाली. "मिस्टर लेहान, फक्त पाच मिनिटं, तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील. साहेबांना पुन्हा वेळ मिळणार नाही. ही कूमडफला केवढी मोठी संधी आहे, तुम्हीच विचार करा."

मॅलकीने विचार केला. मग तो फाटकाच्या आत गेला, कडी लावली आणि दोन्ही हात वरच्या फळीवर ठेवून आडवा उभा राहिला. "तुम्ही ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या?" तो म्हणाला. "उद्या."

"पण..."

"उद्या, मिस ट्वोमी. घर त्यांचं आहे."

उपमंत्र्यांनी त्याच्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, आणि टोपी नव्हती तरी टोपी काढल्यासारखा हात कपाळाला नेला. मग ते वळून पबकडे चालू लागले, आणि त्यांच्यामागून हळूहळू सगळेच.

मॅलकी फाटकावर तसाच राहिला, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. येणारेजाणारे त्याला बघून हलकेच मान लववत. मॅलकी लेहानमध्ये इतका करारीपणा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, असं त्या दिवशी पबमध्ये बरेच जण म्हणाले. संध्याकाळी अट्रॅक्टा चहाचा कप घेऊन आली.

"सगळे गेले," ती म्हणाली. "आता चल घरी."

मॅलकीने आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून घेतलं. "आलो असतो गं," तो हळूच म्हणाला, "पण मघाशी कडी लावतानाच कंबर पुन्हा धरली. फाटक सोडलं तर मी पडेन."

अट्रॅक्टाने कप त्याच्या ओठांना लावला, आणि तो संपेपर्यंत तीही फाटकाला टेकून त्याच्या शेजारी पहारा देत उभी राहिली.